नसलेल्या दुकानासमोरची रांग

मंगळवारी सकाळी दहा वाजता फेंगशुई बघणारे गुरुजी, सिफू चिआ, दुकानात शिरले, दोन पावलांवर थांबले आणि म्हणाले, "हा दरवाजा धंदा बुडवणार."

दुकान अजून बांधलेलं नव्हतं. ते जिथे व्हायचं होतं त्या प्लॉटवर सध्या गवत होतं आणि कुणाची तरी मोडकी स्कूटर. सिफू प्रत्यक्षात उभे होते ते मलेशियात, पिनांगच्या जॉर्जटाउनमधल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात, तिसऱ्या मजल्यावर, डोळ्यांवर काळा डबा बांधून. त्या डब्याला ऑफिसात सगळे चष्मा म्हणत. तिथल्याच आर्किटेक्ट बी खेंगने महिनाभर खपून उभं केलेलं बिस्किटांचं दुकान त्या चष्म्याच्या आत होतं. फरशीपासून छपरापर्यंत तयार.

बी खेंगची ही पहिली इमारत. इतकी वर्षं ती इथे दुसऱ्यांच्या इमारतींच्या पार्किंगचे नकाशे काढत आली होती. बिस्किटवाल्या तिओ आंटींचं काम आलं तेव्हा तिने बॉसकडे, म्हणजे खॉ साहेबांकडे, हट्ट धरला की पुठ्ठ्याचं मॉडेल नको, आंटींना सरळ दुकानातच फिरवून आणू. खॉ साहेब म्हणाले होते, "फिरव. सही झाली तर इमारत तुझी. नाही झाली तर तू परत पार्किंगमध्ये." आणि सही आजच व्हायला हवी होती. आठवडा संपायच्या आत चिनी पंचांगातला भुतांचा महिना लागत होता, आणि त्या महिन्यात पिनांगमध्ये शहाणा माणूस कशावरही सही करत नाही.

"सिफू, दरवाजा आग्नेयेला आहे," बी खेंग म्हणाली. "तुम्हीच प्लॉटवर उभं राहून ठरवलात ना?"

"मी आग्नेय ठरवली. हा वायव्येला आहे." सिफूंच्या तळहातावर त्यांचं लाकडी होकायंत्र होतं. नाक आणि चष्मा यांच्यामध्ये जी फट राहते, तिच्यातून ते त्याच्यावर नजर ठेवून होते.

"ते होकायंत्र ऑफिसची दिशा दाखवतंय, सिफू. दुकान चष्म्याच्या आत आहे."

"उत्तर आत वेगळी असते आणि बाहेर वेगळी?"

सकाळचं ऊन काउंटरवर कुठे पडेल हेसुद्धा बी खेंगने तपासलं होतं. दुकान बघणारा माणूस खोलीत कुठल्या दिशेला तोंड करून उभा असेल, हा विचार तिच्या मनाला शिवला नव्हता.

सोफ्यावर बसलेल्या तिओ आंटींनी पर्स मांडीवर घट्ट धरली. "पोरी, सिफू नाही म्हणाले तर मी नाही म्हणते. उगाच पुढचं बोलू नकोस."

"एक मिनिट, आंटी. दुकान फिरवते."

तिने कॉम्प्युटरवर आकडा टाकला आणि इमारत अर्धा फेरा फिरवली. फिरवण्याआधी सिफूंच्या डोळ्यांवरचा चष्मा काढायचा मात्र राहून गेला. सिफूंच्या भोवती आख्खं दुकान गरकन वळलं. त्यांनी "भूकंप!" अशी आरोळी ठोकली, आधारासाठी काउंटर धरायला गेले, आणि काउंटर अस्तित्वात नसल्यामुळे जमिनीवर बसले. होकायंत्र त्यांनी हातातून सोडलं नाही.

"काय झालं? काय झालं?" आंटी उठल्या.

"दुकान फिरलं," सिफू बसल्या जागेवरून म्हणाले.

"फिरलं? अजून पाया नाही घातला आणि फिरलं?"

खॉ साहेब कोपऱ्यातून धावत आले. सिफूंना उठवलं, साखर घालून काळी कॉफी पाजली, आणि बी खेंगकडे असं पाहिलं की तिला पार्किंगचे पांढरे पट्टे डोळ्यांसमोर दिसले.

कॉफी पोटात गेल्यावर सिफू पुन्हा उभे राहिले. आता होकायंत्र आणि दरवाजा यांचं एकमत होतं. "आग्नेय," ते समाधानाने म्हणाले, आणि दरवाजाकडे चालू लागले. तिसऱ्या पावलाला त्यांचा गुडघा खॉ साहेबांच्या टेबलावर आपटला. दुकान फिरलं होतं, ऑफिस फिरलं नव्हतं. नवा दरवाजा नेमका बॉसच्या टेबलाच्या जागी आला होता, आणि त्याच्यामागे माशाची टाकी होती.

"हे टेबल हलवा," सिफू म्हणाले.

"सिफू, ते हलवता येत नाही," खॉ साहेब म्हणाले. "दुसऱ्या एका सिफूंनी सांगून ठेवलंय तिथे. आणि मासा तर..."

सिफूंनी चष्मा कपाळावर सरकवला. टेबल पाहिलं, टाकी पाहिली, टाकीतला, भरभराटीसाठी पाळलेला लाल अरवाना मासा पाहिला. मग खॉ साहेबांना पाहिलं. "दुसऱ्या सिफूंनी. पाठ जिन्याकडे करून बसवलंय तुम्हाला. अस्सं." एवढंच बोलून त्यांनी चष्मा पुन्हा खाली ओढला. ते एक "अस्सं" खॉ साहेबांना शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

"कामं कशी चाललीयत तुमची?" आंटींनी काळजीने विचारलं.

खॉ साहेबांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या.

पुढचा बराच वेळ त्या ऑफिसात वास्तुरचनेचं काही काम झालं नाही. टाकीतलं पाणी बादल्यांनी काढलं. मासा एका बादलीत, त्याच्यावर खॉ साहेबांचं जाकीट, कारण अरवाना उडी मारतो. हिशेबनीस बाईंनी टेबलाचा एक पाय धरला आणि "माझ्या नोकरीत हे बसत नाही" असं प्रत्येक पावलाला सांगितलं. तिओ आंटी सोफ्यावरून हुकूम सोडत होत्या. "डावीकडे! अहो, तुमचं डावं नव्हे, माशाचं!"

जागा मोकळी झाली. सिफू दरवाजातून गेले, काउंटरला वळसा घातला, भट्टीपाशी थांबले, परत आले. फटीतून होकायंत्र पाहिलं.

"आता बरोबर आहे," ते म्हणाले. "आंटी, तुम्ही बघा."

बी खेंगने श्वास सोडला. चष्मा आंटींच्या डोक्यावर चढला; त्यांना जे दिसत होतं ते भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर बाकीच्यांनाही दिसत होतं. आंटी काउंटरमागे उभ्या राहिल्या. त्यांचे हात आपोआप उठले आणि हवेतच डबे सारखे करू लागले. मग त्यांनी समोर पाहिलं आणि हात थांबले.

"हे लाऊचं दुकान ना?"

होतं. बी खेंगने फोटोंवरून पूर्ण गल्ली उभी केली होती. समोरच्या लाऊ कोक सेंगच्या बिस्किटांच्या दुकानाची लाल पाटीसुद्धा तिने हुबेहूब उतरवली होती, आणि त्याबद्दल तिला थोडा अभिमानही होता.

"त्याची पाटी चमकतेय," आंटी हळू आवाजात म्हणाल्या. "आणि माझ्याकडे चिटपाखरू नाही. पहिलाच दिवस, सकाळची वेळ, आणि एक माणूस नाही? सिफू, असं रिकामं दुकान बघणं चांगलं का?"

सिफूंनी तोंड उघडलं.

तोवर बी खेंगने कळ दाबली होती. कॉम्प्युटरमध्ये तयार माणसांचा एक संच होता. तो बनवणारे कुठल्या तरी थंड देशातले असावेत. आंटींच्या दारात एक उंच माणूस उगवला, अंगात जाड कोट, गळ्यात लोकरी मफलर.

"अगं बाई! हा कोण?"

"गिऱ्हाईक, आंटी. पर्यटक आहे."

"कोट घालून? या उकाड्यात?"

"विमानतळावरून थेट आलाय. तुमचं नाव ऐकून."

आंटींनी त्या माणसाकडे निरखून पाहिलं. "आणखी आहेत?"

बी खेंगने आणखी दहा उभे केले. मग आणखी. बाबागाडीवाली बाई, छत्रीवाले आजोबा, पुन्हा तोच कोटवाला, पुन्हा तीच बाबागाडी. रांग दारातून बाहेर पडली, फूटपाथवर वळली.

"अजून," आंटी म्हणाल्या.

"गल्ली भरेल, आंटी."

"भरू दे की! समोर ने. त्याच्या दाराला लाव. हां, अस्सं! आता त्याला दार उघडायचं तर माझ्या गिऱ्हाइकांना सरका म्हणावं लागेल!" आंटी चष्म्याखाली खदखदून हसत होत्या. "खॉ, माझा फोन घ्या. टीव्हीवरचं सगळं शूटिंग करा. लाऊची पाटी आली पाहिजे बरं का!"

करारावर सही झाली तेव्हा आंटींच्या कपाळावर चष्म्याचा लाल वळ होता. वास्तुरचनाकार या रकान्यात त्यांनी खॉ साहेबांना स्वतःच्या डोळ्यांदेखत ऊई बी खेंग असं पूर्ण नाव लिहायला लावलं. "हिच्या हातून गिऱ्हाईक येतं," त्या म्हणाल्या. हिशेबनीस बाईंनी टाळ्या वाजवल्या, आणि सिफूंनी बी खेंगला आपलं होकायंत्र क्षणभर हातात धरू दिलं. असं ते सहसा कुणाला देत नाहीत.

आंटींनी व्हिडिओ दुपारी देवळाच्या कमिटीच्या ग्रुपवर टाकला. त्या कमिटीत लाऊ कोक सेंगही आहे. बुधवारी सकाळी तो स्वतः ऑफिसात आला. घाम पुसत त्याने विचारलं, "ते कोटवाले माझ्या दारात का उभे आहेत?"

"ती आंटींची रांग आहे, अंकल."

"मलाही दुकान नवीन करायचंय," लाऊ म्हणाला. "तूच काढ. पण आधी त्या चष्म्यात माझी रांग लाव. आणि तिच्यापेक्षा लांब."

खॉ साहेबांनी त्याला नव्या जागच्या टेबलापाशी बसवून होकार देऊन टाकला. तिओ आंटींना अजून कुणी कळवलेलं नाही.

बुधवारी संध्याकाळी ऑफिस बंद झालं तेव्हा चष्म्यातल्या त्या गल्लीत दोन रांगा उभ्या होत्या. दोन्हींत पुढे तोच कोटवाला होता, आणि रस्त्याच्या मधोमध दोन्ही शेपट्या एकमेकींना भिडल्या होत्या. कुणाची रांग मागे घ्यायची, ते बी खेंगने अजून ठरवलेलं नाही.