सगळे संपर्क बरोबर!

संचालक महोदय, चूक तुमची आहे! पहिल्याच वाक्यात सांगते, म्हणजे तुम्हाला शेवटपर्यंत वाचायचा त्रास नको. संस्थेच्या दालनात लटकणारं प्रथिनाचं जे मॉडेल बघून पाहुण्यांना एकदम खोकला आला, त्याला जबाबदार तुम्ही. मी संगणक घरी न्यायची परवानगी मागितली. तुम्ही म्हणालात, "नियमात बसत नाही." नियम तुमचा, फजिती माझी!

बाकी वाचकांनो, तुम्ही बसा. तुमच्यावर माझा राग नाही.

मी प्रथिनांमधल्या चोंबडेपणाची नोकरी करते. म्हणजे असं बघा, प्रथिन ही एक लांबलचक माळ. तिचे मणी म्हणजे अमिनो आम्लं. ही माळ सरळ म्हणून राहत नाही. स्वतःभोवती वळते, पिळते, दुमडते आणि तिचं गाठोडं होतं. मग या टोकाचा मणी पार त्या टोकाच्या मण्याला जाऊन खेटतो. कोण कुणाला खेटलंय ते मी शोधते. दोघे ठरावीक अंतराच्या आत सापडले की 'संपर्क' म्हणायचं आणि जोडी यादीत टाकायची. खिडकीत बसून लोक जे काम फुकट करतात, त्याचा मला पगार मिळतो! पदवी माझ्याकडे नाही. प्रोग्रॅम लिहायला मी आपली आपण शिकले, आणि ते मला दिवसातून दोनदा ऐकवलं जातं.

पण खरं सांगते, हे गाठोडं पहिल्यांदा पडद्यावर फिरताना पाहिलं तेव्हा माझा चहा हातातच गार झाला होता. कुणी हात लावत नाही, कुणी शिकवत नाही, आणि प्रत्येक मणी आपल्या जागी जाऊन बसतो. आमच्या घरात तर चपला बसत नाहीत!

तर, आमच्या एका प्रथिनाच्या खोबणीत नेमकं बसणारं औषध संस्थेत तयार झालं. पाहुणे येणार होते. संचालकांना दालनात माणसाएवढं मॉडेल हवं होतं. त्यात औषधाचा तुकडा प्रमुख पाहुण्यांनी स्वतःच्या हातांनी बसवायचा, टाळ्या, फोटो. बाहेरून करून घ्यायला वेळ नव्हता.

"मी करते, सर," मी म्हणाले. "घरी, या रविवारी."

"जमलं तर तुझी नोकरी कायम. नाही जमलं तर तुझा करार संपतोच आहे."

मग ते संगणकाचं झालं. मी तणतणले. "राहू द्या तुमचा संगणक! कोण कुणाला खेटतं त्याची अख्खी यादी आहे माझ्याकडे. चित्र फसवतं, यादी फसवत नाही!"

हे मी म्हणाले, मान्य. पण रागात म्हणाले!

नवरा वायरमन, त्यामुळे तारेला तोटा नव्हता. लाकडी मणी आणले, रंगवले, नंबर घातले, तारेत ओवले. आता जिथे माळेला पीळ आहे तिथे पीळ द्यायचा होता. नवऱ्याने तार झाडूच्या दांड्याभोवती गुंडाळायला घेतली, तोच सासूबाईंनी दांडा हिसकावला.

"तुला साधी दोरी गुंडाळता येत नाही. सर बाजूला!"

त्यांनी एका दमात असा देखणा पीळ घातला की यंत्राने लाजावं. मी यादीशी ताडून पाहिलं. प्रत्येक मणी आपल्या वरच्या वेढ्यातल्या मण्याला बरोबर खेटलेला!

"आता बारावा कुणाशी बोलतो?" सासूबाईंनी विचारलं.

"पंचाऐंशीव्याशी."

"एवढ्या लांबच्याशी? आणि शेजारच्याशी?"

"शेजारचे खेटलेलेच असतात. ते आम्ही मोजत नाही."

"शेजारच्यांना कोण मोजतं म्हणा," त्या म्हणाल्या आणि पंचाऐंशीव्याला मानगुटीला धरून ओढत आणला.

एकेक जोडी नायलॉनच्या दोऱ्याने जवळ बांधत गेलो. एक मणी ओढला की दुसरे चार हलायचे. नवरा आत अडकला, त्याला बाहेर काढला. मग शेवटच्या काही जोड्या ओढल्या आणि... काय सांगू! इतका वेळ फताडं पसरलेलं ते धूड आपसूक मिटलं. आणि त्याच्या मधोमध एक खोबण उघडली. ती आम्ही केलीच नव्हती! यादीत 'खोबण' असा शब्दसुद्धा नाही. नुसते संपर्क जुळवत गेलो आणि त्यातून पोकळी जन्माला आली.

सासूबाईंनी हळूच आत तळहात घातला.

"हे आपण केलं?"

"नाही हो," मी म्हणाले, "झालं."

मॉडेल दारातून जाईना, म्हणून गॅलरीतून दोराने खाली सोडलं. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी किंकाळी फोडली, पण मी तेव्हा हवेत होते. कायम झाल्यासारखी चालत होते!

समारंभाला दालन गच्च भरलं. नवऱ्याने मॉडेल छताला टांगलं. औषधाचा तुकडा बनवला होता आमच्या औषधवाल्या डॉक्टरने. अगदी मापात, गुळगुळीत. प्रमुख पाहुणे पुढे झाले, तुकडा खोबणीशी नेला.

बसेना!

फिरवला. बसेना. उलटा केला. बसेना. संचालकांचं हसू चेहऱ्यावर तसंच वाळलं.

"हिची खोबण चुकली," औषधवाला म्हणाला.

"तुझं औषध चुकलं!"

"माझं औषध उंदरांना लागू पडलंय!"

"मग उंदराला बोलव टांगायला!"

"तपासा, सगळ्यांसमोर तपासा!" संचालक ओरडले. मी यादी वाचत गेले, नवरा काठीने एकेक जोडी दाखवत गेला. "बारा-पंचाऐंशी?" "आहे!" पुढे पुढे पाहुणेही सूर धरून "आहे!" म्हणायला लागले. एकसुद्धा जोडी चुकली नव्हती. एकसुद्धा! आणि तुकडा तरीही बसेना.

तेव्हा प्रमुख पाहुण्यांनी तो दोन्ही हातांनी दाबला. मॉडेल गर्रकन फिरलं, त्यांच्या बाहीचं बटण दोऱ्यात अडकलं आणि साहेब अर्धवट टांगले गेले. यादीत नसलेला तेवढा एकच संपर्क!

त्यांना सोडवायला मी स्टुलावर चढले आणि सहज समोरच्या काचेच्या दाराकडे नजर गेली. काचेत माझं प्रथिन दिसत होतं. पडद्यावर रोज बघते तेच! तोच पीळ, तीच खोबण, तेच वळण. मान वळवून टांगलेल्याकडे पाहिलं. ते नव्हे! पुन्हा काचेत. तेच! हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात. म्हणणाऱ्याने प्रथिन बांधलं नव्हतं!

"उलटं आहे," मी म्हणाले. "अख्खंच्या अख्खं आरशातलं आहे."

तुमचे दोन हातमोजे आठवा. दोन्हींत अंगठ्याशेजारी तर्जनी, करंगळी टोकाला, सगळी नाती तीच. तरी डावा उजव्याला चढत नाही. माझी यादी फक्त नाती सांगत होती. डावं-उजवं तिला ठाऊकच नाही, ते पडद्यावरच्या चित्रात दिसलं असतं! सासूबाईंचा पहिला पीळ उलट्या बाजूला गेला, आणि त्याच्याशी आपापला संपर्क राखायला बाकी सगळे मणी निमूट त्याच्या मागे गेले. कुणी कुणाची संगत सोडली नाही आणि सगळं जगच उलटं झालं.

सगळं दालन काचेकडे वळलं. टांगलेले साहेबसुद्धा काचेकडे बघत होते.

"जिवंत आहे त्या सगळ्याची प्रथिनं एकाच हाताची असतात," औषधवाला हळू आवाजात म्हणाला. भांडण विसरला होता. "बुरशीची, उंदरांची, सरांची."

"क्रम बघून बोला," संचालक म्हणाले.

"पण दुसरा हात का नाही?" मी विचारलं. "दुसराही जुळतो की! हा काय समोर टांगलाय."

"माहीत नाही."

"तुला माहीत नाही?"

"कुणालाच नाही. अंदाज आहेत. उत्तर नाही."

मी स्टुलावरच बसले. आणि ते नोकरीच्या भीतीने नव्हे, शपथेवर सांगते.

दुसऱ्या दिवशी संचालकांनी बोलावलं. "चूक शोध, दुरुस्त कर, मग कायम करतो."

"कुठली चूक, सर?"

"जो मणी चुकला असेल तो!"

तेव्हापासून मी आणि सासूबाई त्या धुडाखाली उभ्या राहून चुकलेला मणी शोधतोय. एकही नाही. एक सुधारायला जावं तर तोच पहिल्यांदा चुकतो! सासूबाई तर पेटल्याच आहेत. "माझा पीळ उलटा म्हणतो का तो? विचार त्याला, सुलटा कुणी ठरवला?"

तर विचारते, संचालक महोदय. दालनात या आणि चुकलेला एक मणी, फक्त एक, बोटाने दाखवा. नाही दाखवता येत? मग बुरशीपासून तुमच्यापर्यंत सगळ्यांना एकच बाजू कुणी नेमून दिली, आणि दुसरीने काय घोडं मारलं होतं, ते सांगा. उत्तर लेखी हवं. सासूबाई स्टुलावर बसून वाट बघतायत!