घडीच्या सायकलीस आसन मिळाले त्याची हकीकत

श्रीगजानन, दमल्याभागल्यांस बळ देणार. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी एका थोर नगरी वर्तमान घडले, ते यथामती लिहिले. उणेअधिक असल्यास शहाण्यांनी सांभाळून घ्यावे. त्या नगरी विजेचे लोहरथ धावत आणि आत दाटी ऐसी, की शिंकावयाचे तरी शेजाऱ्यास पुसावे. तेथे भार्गवपंत चांदेकर, ग्रंथालयातील सूचिकार, वय बहात्तर, नित्य जात. रथ सोडल्यावर ग्रंथालय दीड कोस आणि गुडघे तो गेलेले, म्हणोन घडीची सायकल काखेस मारून नेत. मग हुकूम सुटला, की उघडे वाहन रथात आणू नये. द्वारपाल म्हणाले, "आजोबा, दोनदा सोडलं. आता दिसली तर परत पाठवीन हं." पंतांस घोर पडला, की सायकल गेली तर चाकरी गेली आणि पुस्तकेही सुटली. मग पत्नी मथुराबाईंनी देवपूजेचे लाल रेशमी वस्त्र, म्हणजे कद, काढिला आणि सायकल त्यात बांधोन दिली. म्हणाल्या, "झाकली की झालं. उगाच कोणाला सांगत बसू नका." पंत भिडस्त, ते काय सांगणार?

दुसरे दिवशी द्वारपाल लाल बोचके पाहून लवून बाजूस जाहले. आत एक भाजीवाल्या बाई गरजल्या, "अहो सरका! बाबांच्या हातात देव हायेत!" आणि गर्दी दुभंगली आणि एक गृहस्थ आसन सोडोन उठले. पंत बसावयास वाकले, तो गृहस्थ म्हणाले, "तुम्ही नव्हे, काका. देवांना ठेवा." सायकल आसनस्थ जाहली, पंत उभे राहिले. वळणावर हिसका बसोन कदातील घंटी वाजली आणि अवघ्या डब्याने हात जोडिले. ऐसे पंधरा दिवस चालले.

सोळावे दिवशी गुडघ्यांनी दगा दिला. पंत त्या भाजीवाल्या बाईंच्या कानाशी म्हणाले, "बाई, ती सायकल आहे हो. मला बसू द्या."

"हळू बोला! मला दुसऱ्याच दिवशी चाक दिसलं. लोकांना कळलं तर दोघांनाही उतरवतील."

"मग मी काय करू?"

"देव मांडीवर घ्या नि बसा की. कोण बोलतंय?"

पंत बसले. तेव्हापासून लोक सायकलीस वाहत ती फुले पंतांच्या गुडघ्यांवर पडत, आणि ती ते ग्रंथालयात पुस्तकांत खुणेस ठेवीत. येणेप्रमाणे चाकरी राहिली, गुडघे राहिले. खरे सांगावयाचे तेवढे राहून गेले.