कोतवालाची सोबत

एकट्या बोकडाला पाला गोड लागत नाही, तेव्हा आपण त्याच्या सोबतीला राहायचं, एवढंच बंकटनं ठरवलं होतं. पुढं जे झालं ते त्यानं ठरवलेलं नव्हतं.

बंकटच्या कळपात कोतवाल नावाचा काळा कुळकुळीत बोकड होता. नाव कोतवाल, पण कामं सगळी चोराची. वडवणीच्या शिवारात त्याला शिव्या न दिलेला मळा शोधून सापडला नसता. तर असा हा बोकड परदेशातल्या शेळ्यांची जात सुधारायला निवडला गेला. जनावरांच्या डॉक्टर उज्ज्वला मॅडम एका सकाळी ओट्यावर बसून नियम सांगू लागल्या. कोतवालाच्या कानात बिल्ला मारायचा, त्याला महिनाभर कळपापासून लांब ठेवायचं, रक्त दोनदा तपासायचं. त्याच्याजवळ दुसरं जनावर फिरकता कामा नये, आणि त्याला सांभाळणाऱ्यानंही दुसऱ्या जनावराला शिवायचं नाही.

"आन मंग इमानात?" बंकटनं विचारलं.

"मग विमानात."

एवढं ऐकून बंकट उठलाच. बाकीचे नियम ऐकायला बायको साखराबाई बसली होती की. त्याला बाजार गाठायचा होता. (बातमी शिळी झाली की तिला गिऱ्हाईक मिळत नाही.) बाजारात नेमके सिरसाळ्याचे व्याही अर्जुनराव भेटले.

"आपुन अजून यष्टीत उभं ऱ्हाऊन जातो, आन तुमचं बोकड इमानात बसून जाणार?" ते म्हणाले. "जाऊ द्या तर खरं. ह्याच बाजारात तुमाला फेटा बांधतो."

चारचौघांनी ऐकलं. त्या दिवसापासून बंकटला झोपेतसुद्धा डोक्यावर फेटा असल्यासारखं वाटायचं.

माळावर बाभळीचं कुंपण घालून कोतवालाला एकटं ठेवलं. त्यानं दिवसभर नुसतं बें बें केलं, पाल्याला तोंड लावलं नाही. वाळून काडी झालेला बोकड विमानात कोण बसवणार? बंकट घोंगडी घेऊन आत गेला आणि शेजारी बसला, तसा कोतवाल गपागपा खायला लागला. आता घराच्या अंगणात तर शेळ्याच शेळ्या. म्हणजे आपल्यालाही घर बंद, असा हिशेब बंकटनं स्वतःच मांडला. साखराबाईनं ऐकून घेतलं. दुसरी घोंगडी पाहिजे का, एवढंच तिनं विचारलं. (शहाण्या माणसाला इथंच काहीतरी वास आला असता.)

रोज ती कुंपणाबाहेरच्या दगडावर भाकरी ठेवून जायची. बंकट दिवसभर विचार करायचा आणि मॅडम पहिलं रक्त घ्यायला आल्या तेव्हा त्यानं सगळं विचारून घेतलं. तिकडच्या शेळ्यांना 'हुर्र' कळतं का? विमानात रवंथ करता येतो का? आणि बोकडाचं रक्त बघता, तर सोबत्याचं कावून बघत न्हाई?

"बाबा," मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला कुणी मागवलेलं नाही."

महिना सरत आला. पहिलं रक्त चोख निघालं होतं. दुसऱ्या तपासणीच्या सकाळी साखराबाई लगबगीनं आली. पदरात ओलं करडू. शेळी त्याला जवळ घेईना, लाथा मारत होती. करू तरी काय, हे विचारायला बिचारी बाहेरच उभी राहिली.

"त्याच्या पाठीला आईचंच दूध चोळ, मंग चाटंल," बंकट म्हणाला. इथं थांबला असता तर भागलं असतं. पण करडू थरथरत होतं, आणि धनगराच्या हाताला नियम ऐकायची सवय नसते. त्यानं हात लांब करून करडू घेतलं, घोंगडीत गुंडाळलं आणि छातीशी धरून आत बसला. कोतवालानं मोठ्या मायेनं त्याचं डोकं चाटलं.

तेवढ्यात मॅडमची जीप थांबली. मागच्या सीटवरून अर्जुनराव उतरले. वाटेत भेटले होते. काखेत गुलाबी फेटा.

मॅडमनी घोंगडी बघितली, घोंगडीतून बाहेर आलेलं तोंड बघितलं, आणि सुई परत डब्यात ठेवली. महिना पुन्हा पहिल्यापासून, त्यांनी सांगितलं. या खेपेला दुसऱ्या गावांतले निवडलेले बोकड जातील, कोतवालाचं पुढच्या खेपेला बघू.

बंकट खाली मान घालून म्हणाला, "म्हंजी मलाबी अजून म्हैनाभर हितंच."

"तुम्हाला कशाला?" मॅडमना नवल वाटलं. "घरी झोपायचं. फक्त शेळ्यांना हात लावायचा नाही, आणि इकडं येताना अंघोळ करून कपडे बदलायचे. मावशींना मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

बंकटनं साखराबाईकडं बघितलं. तिनं पदर सारखा केला.

"सांगणारच व्हते," ती म्हणाली. "पर तुमी दोघं लई गुण्यागोविंदानं बसलेले दिसायचे. आन खरं सांगू का, घरातबी लई शांत वाटत व्हतं."

अर्जुनराव कुंपणापाशी आले. आत दोघं शेजारी शेजारी उभे होते. दोघांच्याही हनुवटीला सारखीच दाढी, अंगाला सारखाच वास, आणि चेहऱ्यावर सारखाच भाव. फेटा पुन्हा काखेत मारत त्यांनी विचारलं, "म्याडम, ह्यातलं नेमकं कोन जाणार हाय इमानात?"

मॅडमच्या आधी साखराबाईच बोलली.

"जागा आसंल तर दोघंबी."