मानाच्या लाटेला खोबरेल तेल

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. माझ्या हाताखालून गेलेली वस्तू मळकी राहिली, असं आजवर झालेलं नाही! शाळा माझी चौथीत सुटली, पण घासण्यात मी डॉक्टर आहे. मरोळच्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाचा कुकर करपला की आधी माझ्या दारात येतो. तळमजल्यावरची रुक्मिणी तर म्हणते, "शेवंतीकाकू, तुम्ही एकदा चंद्र घासायला घ्या, डाग राहायचे नाहीत." घेतला असता. हात पोचत नाही.

तर नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी कपाटामागे झाडू घातला आणि झाडू अडला. ओढून काढते तर जुन्या चादरीत गुंडाळलेली लांबलचक फळी! माझ्याहून हातभर उंच, एका टोकाला निमुळती, खाली माशासारखे तीन पर. आणि वरच्या अंगाला काय ती घाण! पांढरट, चिकट, गोळेगोळे. जणू कुणीतरी मेणबत्त्या चावून थुंकल्यात.

"दीप्ती, हे काय गं?" मी सुनेला हाक मारली.

"ते... ते प्रांजलच्या ऑफिसचं सामान आहे, आई. राहू द्या." एवढं बोलून ती बाजारात पळाली. एरवी मला भाजी आणायला पाठवते, त्या दिवशी स्वतः गेली. तिथेच मला संशय यायला हवा होता!

प्रांजल माझी नात. अंधेरीच्या ऑफिसात कॉम्प्युटरपुढे बसते आणि दर रविवारी ट्रेकिंगला जाते. येताना केसांत मूठभर वाळू घेऊन येते. डोंगरावर एवढी वाळू कुठून? मला वाटायचं, हल्ली डोंगरही पहिल्यासारखे राहिले नाहीत.

मी फळी न्याहाळली. ऑफिसवाल्यांनी जेवायचा पाट केलेला दिसतोय, मी ठरवलं. वर तूप सांडलंय, पुसायला कुणाचा हात झिजलेला नाही. बरं झालं! उद्या सणाला चार पानं एका ओळीत मांडता येतील.

मग काय! गरम पाणी, धुण्याचा सोडा आणि नारळाचा काथ्या. दुपारभर घासली. ती घाणही अस्सल कोकणी निघाली, हटेना! पण मीही देवगडची. शेवटचा कण निघाला तेव्हा वाटीभर खोबरेल घेतलं आणि बाळाला चोळावं तसं त्या फळीला चोळलं. अशी चमकली, अशी चमकली की तिच्यात बघून मी अंबाडा सारखा केला. पुन्हा चादरीत गुंडाळून ठेवून दिली.

सणाच्या सकाळी पूजा आटोपून बाहेर येते तर कपाटामागे फळी नाही!

"दीप्ती, माझा पाट कुठाय?"

दीप्ती नारळ खोवून उठली होती, हात पुसत होती. "कुठला पाट, आई?"

"तो लांबडा! काल घासून ठेवला होता मी."

तिचा हात थांबला. "तुम्ही तो... घासलात?"

"चकाचक!"

"वरचं मेण?"

"मेण होतं होय ते! एक कण ठेवला नाही. वरून खोबरेल लावलं."

दीप्ती मटकन खाली बसली. नशीब, खवणी शेजारी होती, खाली नव्हती.

मग सगळं बाहेर आलं. तो पाट नव्हता, लाटेवर स्वार व्हायचा बोर्ड होता! माझी नात दर रविवारी वर्सोव्याला जाऊन त्या फळीवर उभी राहते. भर समुद्रात! पाय सटकू नये म्हणून वर मेण चोळतात. परवा रात्रीच तिने नवं मेण लावून ठेवलं होतं आणि आता तीच फळी घेऊन ती गेली होती. आज पौर्णिमेची भरती, वर वादळ, टीव्हीवर सकाळपासून इशारे चाललेले.

"फोन लाव तिला!"

"लागत नाहीये. पाण्यात गेली असणार."

"राजेशला माहीत आहे हे?" राजेश म्हणजे माझा मुलगा, प्रांजलचा बाप.

"नाही."

"आणि मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही नको म्हणाला असतात."

"म्हटलंच असतं! म्हणून तर सांगायचं असतं!"

आमच्या देवगडला समुद्राशी मस्ती करत नाहीत, बाबांनो. माझा बापूस जन्मभर दर्यात गेला, पण होडीत पाय ठेवण्याआधी रोज पाण्याला हात लावून कपाळाला लावायचा. नारळी पौर्णिमेला नारळ द्यावा, हात जोडावेत, घरी येऊन नारळीभात खावा. समुद्राच्या पाठीवर उभं राहायचं? देवाच्या खांद्यावर चढून हंडी फोडण्यातला प्रकार! आणि तोही तेल लावून. लावलं कुणी? मी!

पूजेतला नारळ उचलला, दीप्तीला घरात बसवलं आणि निघाले. मेट्रोच्या दारात पिशवी तपासणारा विचारतो, "आजी, हा नारळ कशाला?"

"समुद्राच्या डोक्यात घालायला!"

त्याने गुपचूप पिशवी परत दिली.

वर्सोव्याला उतरून रिक्षा धरली तर रिक्षावाला कुरकुरला. "आंटी, उधर पानी भरेला है."

"मला पाण्यातच जायचंय! चल!"

किनाऱ्यावर पोचले आणि पाय तिथेच रुतले.

खोटं कशाला बोलू? लहानपण समुद्राकाठी गेलं, पण असा समुद्र पाहिला नव्हता. समुद्र आडवा असतो ना? तो त्या दिवशी उभा होता! काळ्या ढगात आणि पाण्यात फट उरली नव्हती. लांबून एक भिंत उठायची, चालत यायची, मध्येच कमरेत वाकायची आणि अशी आपटायची की माझ्या छातीतली हाडं वाजायची. वारा तर असा की माझी छत्री उलटी झाली, सुलटी झाली आणि मला सोडून गोराईच्या दिशेने निघून गेली.

आणि त्या भिंतींच्या मधोमध माणसं होती. आपापल्या फळीवर पाय सोडून बसलेली, बसस्टॉपवर बसल्यासारखी!

काठावर एक रुंद खांद्यांचा माणूस शिट्टी घेऊन उभा होता. उन्हाने केस तांबडे झालेले. हा खंडू. तिथल्याच कोळीवाड्यातला, या सगळ्या मंडळींचा म्होरक्या. मला आणि नारळाला बघून ओरडला, "ए मावशी, मागे हो! पूजा संध्याकाळी!"

"मेल्या, माझा चेडू खंय आसा?" घाबरले की माझी मालवणी सुटते. "माझी नात! प्रांजल!"

"ती काय," त्याने बोट दाखवलं. "आज तिची मानाची लाट आहे ना. पण काय झालंय कळत नाही. सारखी घसरतेय, पोरगी घाबरली बहुतेक."

बघते तर प्रांजल फळीवर पोट टेकत होती आणि ओल्या साबणासारखी पलीकडे सटकत होती. पुन्हा चढायची, पुन्हा सटकायची. मी ओरडले, "अरे, ती घाबरली नाही! तेल आहे तेल!" पण वाऱ्याने माझा शब्द तोंडातच कोंबला. खंडूला वाटलं, मी मंत्र म्हणतेय.

तेवढ्यात मोठी भिंत आली. प्रांजलच्या डोक्यावर वाकली. आपटली.

फेस. नुसता फेस.

मी काय केलं ते मला नंतर खंडूने सांगितलं. मी गुडघाभर पाण्यात गेले, नारळ दोन्ही हातांनी डोक्यावर धरला आणि समुद्राला दरडावलं, "घे हा! आणि माझी पोर दे!" आणि दिला फेकून.

पुढच्या लाटेने नारळ परत आणला. सरळ खंडूच्या नडगीवर!

"आई गं!" खंडू एका पायावर नाचायला लागला. पण त्याच लाटेच्या मागून प्रांजलचं डोकं वर आलं. एकटं नाही! दोन्ही बाजूंनी, मागून, पुढून फळ्या आल्या होत्या. कुणी तिच्या पायाला फळीशी बांधणारी दोरी धरलेली, कुणी दंड, एकाने तर तिला आपल्या फळीवर घेऊन स्वतः पाण्यात उडी टाकलेली. कुणी कुणाला हाक मारली नव्हती. पाणी त्यांना फेकत होतं, ते पुन्हा कडं करत होते. हाताला हात लावून काठापर्यंत घेऊन आले.

समुद्राने नारळही परत दिला, पोरगीही दिली. मी जास्त चौकशी केली नाही.

प्रांजल खोकली, डोळे पुसले आणि मला बघून किंचाळली, "आजी?"

"हो, आजी! तुला काय जलपरी वाटली?"

"तू इथे कशी?" मग रडवेली होऊन बाकीच्यांना म्हणाली, "अरे, बोर्डाला काय झालंय? मी परवाच मेण लावलं होतं!"

तिच्या टोळीत एक जानकी होती. बँकेत साहेबीण आहे म्हणे, पण त्या वेळी केसांतून शेवाळ लोंबत होतं. तिने फळीवर बोट फिरवलं, बोट नाकाला लावलं. "खोबरेल?"

सगळ्यांनी फळीकडे बघितलं. मग सगळ्यांनी माझ्या तेलकट अंबाड्याकडे बघितलं. मी ढगांकडे बघितलं.

"पाट समजून घासला," मी शेवटी म्हटलं. "मला कुणी सांगितलं होतं का, की घाणीचाही उपयोग असतो?"

मग अशी हसली ती टोळी की किनाऱ्यावरची कुत्री उठून गेली! खंडू नडगी चोळत हसत होता.

एकटी प्रांजल हसली नाही.

"भरती ओसरायला लागेल आता," ती हळूच म्हणाली. "पुढच्या वर्षी बघू."

जानकीने मला समजावलं. त्यांची तिथली रीत आहे. नारळी पौर्णिमेच्या भरतीला बाहेरची सगळ्यात मोठी लाट टोळीतल्या नवीन माणसाला द्यायची. त्या लाटेवर दुसरा कुणी चढत नाही, मग तो कितीही मोठा उस्ताद असो. ती मानाची लाट! ती घेतली की माणूस टोळीचा झाला. यंदाचा मान माझ्या नातीचा होता आणि मी तो खोबरेलात बुडवला होता.

"माझा बोर्ड घे," एक जण म्हणाला.

"माझा घे, तो जड आहे, हलणार नाही."

"नाही," खंडूने मान हलवली. "मानाची लाट ज्याने त्याने आपल्या बोर्डावर घ्यायची. आणि तेलावर मेण धरत नाही. आज जमायचं नाही, पोरी."

आता मला विचाराल तर नातीचा कान धरून घरी न्यायची हीच वेळ होती. त्यासाठीच तर आले होते! पण प्रांजल त्या समुद्राकडे बघत होती, माझा बापूस बघायचा तशी. आणि तिच्या अवतीभवती ती माणसं उभी होती. कुणाच्या कोपरातून रक्त येत होतं, कुणी अजून धापा टाकत होतं. कोण कुठली! ना नात्याची, ना गोत्याची. आमच्या बिल्डिंगमध्ये लिफ्ट अडकली तर लोक दार लावून घेतात हो!

माझ्या तोंडून निघून गेलं, "बेसन आणा!"

"काय?"

"बेसन! तेल काढायला बेसनासारखं दुसरं काही नाही. अंगाचं निघतं तर फळीचं का नाही निघणार? पळा!"

मागे ताडपत्रीखाली एक भजीवाला होता. त्याने विचारलं, "आजी, कांदाभजी की बटाटाभजी?"

"बोर्डभजी! पीठ टाक सगळं!"

आणि मग त्या धो धो पावसात आम्ही सगळे ओणवे होऊन फळीला बेसन चोळायला लागलो. बँकेची साहेबीण, खंडू, सगळे! फळी तळायला काढलेल्या मिरचीसारखी दिसत होती. मी हुकूम सोडत होते. "जोर लाव रे! जेवला नाहीस का? गोल नको, लांब हात मार! हे काय, गोंजारतोस काय तिला?" पाण्याने धुतलं, पुन्हा बेसन, पुन्हा पाणी. शेवटी मी बोट फिरवलं. करकर वाजलं!

मग एकेकाने खिशातून, कमरेतून मेणाचे तुकडे काढले. कुणाचा सुपारीएवढा, कुणाचा नखाएवढा. कुणी मागितले नव्हते. सगळे एकाच फळीवर घासले गेले. मीही घासलं. जानकीने दाखवलं तसं, गोल गोल, चकली पाडल्यासारखं. जी घाण काढायला दुपार घालवली, तीच स्वतःच्या हाताने परत लावली!

"आजी, जाऊ?" प्रांजलने विचारलं.

"जा. पण आधी पाण्याला हात लावून कपाळाला लाव."

तिने लावला. तिच्या मागे एकेकाने लावला. खंडूनेही.

सगळे आत गेले. ओळीने बसले. लाटा येत होत्या, ते सोडून देत होते. मग लांबवर एक काळी रेघ उठली. ती जाड झाली, तिची भिंत झाली, भिंतीची इमारत झाली. ओळीतले सगळे बाजूला झाले आणि त्यांनी हात वर केले. मधे एकटी प्रांजल.

वल्ह्यासारखे हात मारत निघाली. लाटेने तिला उचललं. वर, अजून वर. आणि ती उठली!

माझी नात समुद्रावर उभी होती. गुडघे वाकवलेले, हात पसरलेले, पाठीमागे काळं आभाळ, पायाखाली ते हिरवं उतरतं पाणी. एवढं अजस्र जनावर, ज्याने आमच्या गावच्या होड्या गिळल्या, ते तिला तळहातावर घेऊन काठाकडे आणत होतं. कसला आवाज आला नाही मला. पाऊस लागला नाही. कधी हात जोडले गेले, कळलं नाही. देवळात सुद्धा माझं लक्ष चपलांकडे असतं. तिथे नव्हतं. चपला गेल्या वाहून, ते घरी आल्यावर कळलं!

रात्री राजेशला मीच सांगितलं. तो उसळला. मी म्हटलं, "तुझी मुलगी लाटेवर उभी राहते. तू अजून बाथरूममध्ये घसरतोस. गप्प बस." विषय संपला.

दोन दिवसांनी प्रांजल म्हणाली, "आजी, रविवारी सगळी टोळी तुला भेटायला येतेय."

मी समजायचं ते समजले. सत्कार! शाल-नारळ! रुक्मिणीला मुद्दाम बोलावून ठेवलं. ठेवणीतलं लुगडं नेसले, नारळीभाताचं पातेलं चढवलं, चार शब्द बोलायचेही पाठ केले. बेल वाजली. दार उघडलं तर जिन्यापासून दारापर्यंत फळ्याच फळ्या! खंडूने वाकून नमस्कार केला आणि नारळ माझ्या हातात दिला. नारळ नव्हता हो. नुसता काथ्या होता!

"आजी," तो म्हणाला, "जुनं मेण खरवडून नवं लावावं लागतं. आमचं वर्ष-वर्ष निघत नाही. तुमच्यासारखा हात अख्ख्या किनाऱ्यावर नाही!"

रुक्मिणी हसून हसून जिन्यावर बसली. काय करणार? लुगडं खोचलं, सोडा काढला आणि घासल्या सगळ्या.

तेल? छे, छे! तसं वचनच घेतलंय त्यांनी माझ्याकडून. एक थेंब लावला नाही.

म्हणजे... खंडूच्याला लावलं. जरासंच. अगदी कडेला. तेवढ्याने काय होतंय?