आंघोळीला गेलेला अर्जदार

"तुमचा भाचा कॅनडात नाही. घरीच आहे. आंघोळ करतोय."

हवालदार पंढरीनाथांनी हे इतक्या थंडपणे सांगितलं की महिपतने मागे वळून पाहिलं. न जाणो, टॉवेल गुंडाळलेला सार्थक पोलीस ठाण्याच्या बाकड्यावर येऊन बसलेला असायचा!

"साहेब, मी स्वतः त्याला विमानतळावर सोडलाय. तीन वर्षं झाली. काल व्हिडिओवर बोललो. पाठीमागे बर्फ पडत होता."

"बर्फाचं काय घेऊन बसलात? फोनमध्ये पाठीमागे ताजमहालपण लावता येतो." हवालदारांनी फाइल उघडली. "मी स्वतः गेलो होतो पडताळणीला. आई म्हणाली, आंघोळीला गेलाय. आतून खोकल्याचा आवाज आला, तो मी ह्या कानांनी ऐकला. समोरच्या बाई म्हणाल्या, आमचे हे आणि सार्थक रोज गच्चीत गप्पा मारतात. बाजूच्या गुजराती बाईपण हो म्हणाल्या. आता तुम्हीच सांगा, आम्ही काय लिहायचं? बर्फ?"

सार्थकला तिकडे कायमचं राहायचं होतं, आणि तिकडचं सरकार म्हणत होतं, तुझ्या देशातून दाखला आण, की तू तिथे चोऱ्यामाऱ्या केलेल्या नाहीस. सार्थकने तिकडूनच अर्ज केला. अर्ज समुद्र ओलांडून, दिल्लीत धूळ खाऊन भाईंदरला आला आणि इथे आपटला. कारण आता कागदोपत्री सार्थक दोन झाले होते. एक बर्फात, एक बाथरूममध्ये. ह्या देशात एका माणसाचे दोन पत्ते निघाले की सरकार त्याला भुतापेक्षा जास्त घाबरतं. भुताचा पत्ता निदान एकच असतो.

"महिनाअखेरपर्यंत दाखला नाही आला तर तिकडे फाइल बंद," महिपत हात जोडून म्हणाला. "नोकरी गेली, पोरगा परत. पुन्हा अहवाल करा ना साहेब."

"करतो. पण पहिल्या जबाबात समोरच्या अनिशरावांचं नाव आहे. त्यांना हजर करा. ते म्हणू देत, मी सार्थकला पाहिलं नाही. नवीन लिहितो."

एवढंच ना? महिपत खूश झाला. गाढव होता.

तो खारीगावच्या पोलीस ठाण्यातून रिक्षा करून जेसल पार्कात उर्मिलाच्या इमारतीत पोचला तेव्हा दुपारचे तीन-साडेतीन झाले असतील. धाकटी बहीण, सार्थकची आई, विधवा, बी विंगला दुसऱ्या मजल्यावर. महिपत भाऊबीजेला यायचा, जेवायचा, जायचा. इमारतीकडे त्याने कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. आज पाहिलं आणि तो फाटकातच थबकला.

प्रत्येक गॅलरीत पुरुषी शर्ट वाळत होते. गळ्यापर्यंत बटणं लावलेले. वारा नव्हता, तरी एखादी बाही मध्येच हलत होती. मुंडकी उडवलेली माणसं ओळीने उभी राहून खाली बघतायत असं वाटलं. आणि अख्ख्या विंगमध्ये जिवंत पुरुष एक दिसेना.

लिफ्ट बंद. जिन्यातले दिवे गेलेले. दुसऱ्या मजल्यावर अंधारात तीन दारांपुढे मोठाल्या पुरुषी चपला मांडलेल्या. महिपतने वाकून पाहिलं. चपलांवर बोटभर धूळ होती, पण टाचा कोऱ्या. घालून कुणी कधी चाललंच नव्हतं. चौथ्या दारापुढे मात्र काहीच नव्हतं.

त्याने उर्मिलाची बेल दाबली. आतून तिचा आवाज आला, "सार्थक, बघ रे कोण आलंय! नको, तू जेव. मीच बघते."

 दार उघडलं.

"दादा! तू होय?"

"कोण जेवतोय आत?"

"कुणी नाही."

"उर्मे, मी आत्ता ऐकलं!"

"हळू बोल, भिंतींना कान असतात." तिने त्याला आत ओढलं, कडी लावली आणि शांतपणे चहाचं आधण ठेवलं. "एकटी बाई राहते हे कळलं की काय होतं ते तुला नाही कळायचं. नळवाला यायचा, पाच मिनिटांचं काम तासभर करायचा. केबलवाला विचारायचा, वहिनी, कंटाळा नाही का येत? मग मी सार्थकला परत आणला. चपला ठेवल्या. शर्ट आठवड्यातून दोनदा धुते. बेल वाजली की त्याला हाक मारते. नळवाला आता पाच मिनिटांत जातो."

"आणि पोलिसांना? पोलिसांनाही आंघोळीला गेलाय सांगितलंस?"

"साध्या कपड्यात आला मेला! मला वाटलं, कोण दारुडा. सार्थक आहे का म्हणाला, मी म्हटलं आहे, आंघोळीला गेलाय. मग म्हणतो मी पोलीस. आता पोलिसाला सांगू, की खोटं बोलले? मला वाटलं, पोरगा घरात आहे, रोज आंघोळ करतो, यापेक्षा चांगलं चारित्र्य ते काय!"

"अगं तीन वर्षं आंघोळ करतोय तो! पोलीस काय, मगरसुद्धा बाहेर येते एवढ्या वेळात!" महिपत तडकला. "आणि वर खोकला कशाला वाजवलास? मोबाइलवर होता का?"

उर्मिलाने गॅस बारीक केला.

"तो मी नाही वाजवला."

"मग?"

"माहीत नाही, दादा. असतो तो. दोनेक वर्षं झाली. दुपारचा जास्त. आधी घाबरायचे, रामरक्षा म्हणायचे. आता सवय झाली. घरात कुणीतरी आहे असं वाटतं."

आणि तेव्हाच तो आला. दोन वेळा, कोरडा, घसा खरवडून काढलेला. पुरुषाचाच. बाथरूममधून.

महिपतने झटक्यात बाथरूमचं दार उघडलं. कोणी नाही. बादली पालथी, फरशी कोरडी, खुंटीवर सार्थकचा टॉवेल. वर छोट्या झरोक्यातून पाइपांच्या डक्टचा अंधार आत डोकावत होता. तो कान देऊन उभा राहिला आणि कानाला अगदी लागून कोणीतरी हळूच घसा साफ केला.

महिपत साठी उलटलेला माणूस. देवधर्म मानत नव्हता, भूतखेत तर नाहीच. चहा न पिता समोरच्या दाराशी गेला. घाबरून नव्हे. कामासाठी.

स्वाती नावाच्या बाईंनी साखळी लावून फटीतून पाहिलं.

"अनिशरावांना जरा बोलवता?"

"झोपलेत."

"उठवा. पोलिसांचं काम आहे."

"नाइट ड्युटी करून आलेत. उठवलं की चिडतात." त्यांनी मान आत वळवून आवाज दिला, "झोपा हो तुम्ही!" आत घड्याळाची टिकटिक तेवढी.

दुसऱ्या दिवशी अनिशराव बाथरूममध्ये होते. त्यानंतर डोकं दुखत होतं. चौथ्या खेपेला महिपत हुशारीने अर्धा तास आधीच येऊन जिन्यात दबा धरून बसला. चिटपाखरू गेलं नाही. मग त्याने बेल वाजवली.

"अय्या, आत्ता तर खाली गेले," स्वाती म्हणाली. "जिन्यात नाही भेटले?"

"मी जिन्यातच होतो."

"तुमच्या अंगावरूनच गेले असतील."

बाजूचं दार किलकिलं झालं. जिग्नाबेन. "हां हां, अभी गये. मेरे हसबंड के साथ. दोनों हँसते हँसते गये."

महिपतने जिन्याकडे पाहिलं. पायऱ्या खाली अंधारात उतरत होत्या. त्याला त्या क्षणी अगदी खरंखुरं वाटलं, की दोन माणसं हसत हसत आपल्या अंगातून आरपार गेली.

महिना संपत आला. रोज पहाटे सार्थकचा फोन. "मामा, काय झालं?" "होतंय." "मामा, इथला वकील म्हणतो, बॅग भरायला घे."  पोराचा घास आपण आपल्या हाताने काढून घेतला, हे उर्मिलाच्या तोंडावर दिसायचं. शेवटी तिनेच महिपतला घेऊन पोलीस ठाणं गाठलं आणि हवालदारांना हाताला धरावं तसं घेऊन आली. मजल्याच्या मधोमध उभी राहिली आणि सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशी ओरडली, "मी एकटी राहते! माझा मुलगा इथे नाही! तीन वर्षं मी खोटं बोलतेय! लिहा साहेब!"

दारं उघडली. स्वाती बाहेर आली, जिग्नाबेन आली.

"ठीक आहे," हवालदार म्हणाले. "पण तुम्ही आई. आईचा जबाब धरत नाहीत. स्वातीबाई, तुमच्या मिस्टरांनी त्याला रोज गच्चीत पाहिलंय म्हणालात. बोलवा त्यांना."

स्वातीने उर्मिलाकडे पाहिलं. 

"आमचे हे नाहीत," ती म्हणाली.

"कुठे गेलेत?"

"नालासोपाऱ्याला. दुसरीबरोबर. गेले त्याला दोन वर्षं झाली." तिने पदराने नाक पुसलं. "साहेब, मी खोटं नाही बोलले. काकूंकडे सार्थकला हाक मारलेली ऐकू यायची, खोकला ऐकू यायचा. वाटलं, आहे. मग आमच्याकडेही कुणीतरी नको? गच्चीत पाठवून दिलं त्याला, सार्थकच्या सोबतीला."

जो नव्हता त्याने, जो नव्हता त्याला, रोज पाहिलं होतं. आणि ते सरकारी कागदावर सहीशिक्क्यानिशी उतरलं होतं.

"जिग्नाबेन?" हवालदारांचा आवाज जरा खाली आला. "आपके हसबंड?"

"सुरत." जिग्नाबेन चपलांकडे बघत होत्या. "दिवाळी में आते थे. अब दिवाळी में भी नहीं आते."

 अंधारात तीन बायका आणि तीन जोड कोऱ्या चपला. पुरुषांना घरात पुरुष असण्याचा एवढा माज असतो, आणि इथे त्यांच्याविना त्यांचं सगळं काम एक जोड चपला करत होती, तेही न खेकसता. महिपतला स्वतःच्या पायांची लाज वाटली.

हवालदारांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "बायांनो, तुम्ही तिघींनी एकदा खोटं सांगितलंय. आता खरं लिहिलं तरी वरचे साहेब विचारणार, मग खरं कोणतं? मला असा शेजारी द्या, ज्याने आधी काहीच सांगितलेलं नाही."

सगळ्यांच्या माना चौथ्या दाराकडे वळल्या. तिथे सुलूकाकू राहायच्या. चपला न मांडणाऱ्या एकट्या त्याच. "आमचे हे गावी गेले, गुहागरला, आता येत नाहीत," असं त्या दोन वर्षांपूर्वी सगळ्यांना सांगून मोकळ्या झाल्या होत्या. बाई धीराची, असं सगळ्या म्हणायच्या.

महिपतने बेल दाबली. दार बोटभर उघडलं.

"मी एकटीच असते बाबा. मला डोळ्यांनी दिसत नाही, कानांनी ऐकू येत नाही. सही करायला सांगू नका."

आणि त्यांच्या पाठीमागे, आतल्या अंधारात, कोणीतरी दोन वेळा खोकलं. कोरडं. घसा खरवडून.

जिग्नाबेन किंचाळल्या. स्वातीने उर्मिलाला मिठी मारली. हवालदारांचा हात आपोआप दांडक्याकडे गेला, दांडकं ठाण्यातच राहिलं होतं. महिपतने मात्र दारात पाय घातला.

आतून एक आकृती पुढे आली. पांढरी फटक, केस खांद्यापर्यंत, दाढी छातीपर्यंत, अंगावर बनियन. जिन्याच्या झरोक्यातला उजेड तोंडावर पडताच तिने डोळे मिटून घेतले.

"धर्माजीराव?" उर्मिला पुटपुटली. "तुम्ही गावी होतात ना?"

"कसला गावी!" तो माणूस म्हणाला. "ह्या दोन वर्षांत मी खिडकीसुद्धा उघडलेली नाही."

"का पण? काय केलंत काय तुम्ही?" हवालदारांनी वही उघडली. त्यांना आयुष्यातला मोठा गुन्हा समोर दिसत होता. "खून? फरार आहात?"

सुलूकाकूंनी कपाळावर हात मारून घेतला.

"जुने सेक्रेटरी राजीनामा देऊन पळाले," धर्माजीराव घोगऱ्या आवाजात म्हणाले. "विंगमध्ये पुरुष मी एकटा उरलो. जनरल मीटिंगमध्ये माझं नाव येणार होतं. साहेब, तुम्ही सोसायटीचा सेक्रेटरी पाहिलाय? वरचा म्हणतो गळती खालच्याची, खालचा म्हणतो वरच्याची, आणि दोघं मिळून सेक्रेटरीच्या सात पिढ्या उद्धरतात. त्यापेक्षा जन्मठेप बरी. मी ती घेतली."

"मग हा सार्थक इथे राहतो की नाही, ते तुम्ही सांगू शकाल?"

"दोन वर्षं मला दुसरं काम काय होतं? डक्टला कान लावून बसतो. उर्मिलाबाईंच्या बाथरूममध्ये एकाच माणसाचं पाणी पडतं. बोलणं दोघांचं, पाणी एकाचं." त्यांनी उर्मिलाकडे पाहिलं. "मी खोकायचो, तेव्हा बाई म्हणायच्या, बाळा, गरम पाणी पी. मला बरं वाटायचं. पण मी बाहेर येणार नाही. मी इथे नाहीच आहे. सही कशी करू?"

उर्मिला पुढे झाली. रडली नाही. "धर्माजीराव, माझ्या पोराचं तिकडे बस्तान बसलंय. तुम्ही नाही सही केलीत, तर उद्या तो खरंच ह्या बाथरूममध्ये असेल. बेकार. जन्मभर."

धर्माजीराव उंबऱ्याच्या आत उभे होते.  मग एक पाय बाहेर ठेवला, मग दुसरा. भिंतीवर कागद टेकवून त्यांनी सही केली. लिहिलं, की मी शेजारी आहे, हयात आहे आणि सार्थक नावाचा इसम येथे राहत नाही.

सही वाळायच्या आत स्वातीने डोळे पुसले आणि म्हणाली, "काका, लिफ्टचं काय करायचं?"

"जिने में लाइट भी नहीं है," जिग्नाबेन म्हणाल्या.

हवालदार फाइल घेऊन खाली पोचेपर्यंत वरच्या मजल्यांवरून बायका उतरायला लागल्या होत्या. पुरुष सापडलाय, ही बातमी आगीसारखी पसरली.

दाखला आला. महिनाअखेरच्या दोन दिवस आधी सार्थकने तिकडे तो दाखल केला आणि फोनवर आईला म्हणाला, "आई, झालं गं." उर्मिला "बरं झालं" म्हणाली आणि तिने फोन ठेवला. मुलगा घरी नाही, हे आता सरकारनेही मान्य केलं होतं.

महिपत पेढे घेऊन आला तेव्हा लिफ्ट चालू होती, जिन्यात लख्ख उजेड होता. दुसऱ्या मजल्यावर पाच-सहा बायका एका दाढी केलेल्या माणसाला घेरून ओरडत होत्या. ओलाव्याचे फोटो नाकाशी नाचवत होत्या. त्या गर्दीतून हात काढून धर्माजीरावांनी महिपतची बाही पकडली, त्याला कोपऱ्यात ओढलं आणि मागे बघत कानाशी लागून विचारलं,

"मामा, कॅनडाला माणूस घेतात तो कुठल्या वयापर्यंत?"