कावळ्याने मंजूर केलेली रजा

गिरगावातल्या वेलणकर चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या सौ. मृणालिनी जगदीश टिपणीस, बी. ए., यांना चित्रं काढण्यासाठी महिन्यातून चार दिवस रजा मिळत असे. ही रजा कोणत्याही कायद्यान्वये मिळत नव्हती. ती कावळा मंजूर करीत असे. तो महिन्यातून एकदा शिवला, की बाईने घरात कशालाही हात लावायचा नाही, स्वयंपाकाकडे फिरकायचं नाही, गॅलरीच्या टोकाला चटई टाकून बाजूला बसायचं. अर्ज करावा लागत नव्हता, साहेबाची सही लागत नव्हती, आणि बदलीवर सासूबाई हजर असत.

एरवी मृणालिनीची सकाळ स्टोला पिन मारण्यात जाई आणि दुपार तांदळातले खडे वेचण्यात. संध्याकाळी जगदीशराव ऑफिसातून येताना संयुक्त महाराष्ट्र घरी घेऊन येत. म्हणजे त्यावर बोलणारी चार-पाच माणसं. महाराष्ट्र मिळायला वेळ होता, माणसांना भूक लगेच लागत होती. लग्नापूर्वी ड्रॉइंगच्या दोन्ही परीक्षा दिलेल्या या बाईच्या हातात मग पळी, लाटणं, फडकं, पुन्हा पळी असं चाले. कुंचला फक्त त्या चार दिवसांत.

गॅलरीच्या टोकावरून खोताच्या वाडीतलं एक लाकडी घर दिसे. ते ती पाण्याच्या रंगांत उतरवीत होती. दर चार रेषांनंतर मान वर करून दोन वर्षांची अनू कठड्याशी तर गेली नाही ना, हे ती बघे. अनूला आईला शिवायचं असलं तर रेशीम नेसावं लागे, कारण रेशमाला विटाळ लागत नाही. म्हणून सासूबाईंनी सासऱ्यांच्या पूजेच्या फाटक्या रेशमी मुकट्याचं तिला झबलं शिवलं होतं. महिन्यातून चार दिवस पोर लग्नाला निघाल्यासारखी जरीकाठात फिरे, आणि झबल्यावर निळे-हिरवे बोटांचे ठसे उमटत. एकूण व्यवस्था उत्तम होती. फक्त ती मागासलेली होती, हे अजून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

ते जगदीशरावांच्या लक्षात आलं. एका सभेत त्यांनी ऐकलं, की नवं राज्य नव्या स्त्रीशिवाय उभं राहणार नाही. ते तडक घरी आले आणि गॅलरीत उभे राहून, शेजारच्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "मृणाल, ही रूढी आजपासून या घरात बंद. तू मुक्त आहेस. ऊठ, हात धू. पाच माणसं जेवायला आहेत."

मृणालिनीच्या कुंचल्यावर आभाळाचा निळा होता. "अहो, पण शास्त्र आहे," ती म्हणाली.

"तू बी. ए. झालेली, आणि शास्त्राचं नाव घेतेस?"

तिला लाज वाटली. तर्कशास्त्रात तिला चांगले गुण होते. ती उठून आत गेली आणि पाच मुक्तिदात्यांसाठी कणीक मळू लागली. बाहेर आभाळ अर्ध्यावर वाळलं, आणि त्याला मधोमध कड पडली.

पुढचे दोन महिने ती मुक्त होती, म्हणजे तिने एक रेघ मारली नाही. तिसऱ्या महिन्यात तिने सासूबाईंकडे अपील केलं. शिकलेल्या सुनेने विटाळ पाळण्याची परवानगी मागावी, हे ऐकून बकुळाबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "बस तू. भात मी लावीन," त्या म्हणाल्या, आणि मग आवाज उतरवून: "मी त्या चार दिवसांत अख्खा शेला भरला होता कशिद्याने. तुझ्या सासऱ्यांना ते जाईपर्यंत वाटत होतं, मी देवाला भिते."

जगदीशरावांना त्यांनी एवढंच कळवलं, की माझ्या देवांना चालायचं नाही. सुधारक माणूस बायकोला सुधारू शकतो, आईला सुधारण्याची सोय नाही. रूढी पूर्ववत सुरू झाली.

पण चित्राला चार दिवस पुरेनात. मग कावळा महिन्यातून दोनदा येऊ लागला. शेजारच्या लतिकाला गोष्टी लिहायच्या होत्या. एकदा दुपारी ती नुसतीच मृणालिनीच्या चटईजवळ घुटमळली आणि दुसऱ्या दिवशी स्वतःची चटई घेऊन आली. पलीकडच्या शैलाला पेटी वाजवायची होती. ती पेटीसकट आली. महिनाभरात कावळ्याने संपूर्ण मजल्याचं काम हाती घेतलं. खोताच्या वाडीतल्या फिलोमिनाबाईने खालून विचारलं, की ही सवलत फक्त हिंदूंनाच आहे की कसं.

बदलीवरच्या सासवा महिन्यातून चारच दिवसांच्या बोलीवर होत्या, तेव्हा आत पुरुष स्वयंपाक करू लागले. जगदीशरावांची पोळी महाराष्ट्राच्या नकाशासारखी, सोलापूर आणि बेळगावसकट तव्यावर उतरे, पण ती उलटत नसे. चाळीच्या तुकडीला मोर्चाला निघायला उशीर होऊ लागला, कारण घोषणा तयार असत, भात तयार नसे. चाळीच्या मंडळाचे चिटणीस रमाकांत यांची बोटं तव्याला लागून इतकी पोळली, की घोषणा देताना मूठ मिटेना. उघड्या पंजाने दिलेली घोषणा ही निरोप दिल्यासारखी दिसते, अशी तक्रार थेट वॉर्डातून आली. हा मुंबई राज्य द्विभाषिकच ठेवू पाहणाऱ्यांचा डाव असावा, असंही एक मत पडलं.

तेव्हा मंडळाचे अध्यक्ष नाना, निवृत्त हेडक्लार्क, यांनी चाळीच्या चौकात तातडीची सभा बोलावली. विषय: स्त्रियांवरील अन्याय. स्त्रिया वर गॅलरीत होत्या; त्या बाजूला बसल्या असल्यामुळे त्यांना सभेत येता येत नव्हतं, म्हणून त्यांची संमती गृहीत धरण्यात आली. नाना बोलता बोलता गहिवरले. ज्या मातेने आपल्याला जन्म दिला तिला आपण चटईवर बसवतो, असं म्हणून त्यांनी उपरणं डोळ्यांना लावलं. 'सर्व प्रकारची शिवाशिव या चाळीतून हद्दपार करण्यात यावी,' असा ठरावाचा मसुदा होता. संडास झाडणाऱ्या कमलाबाईला ज्या मागच्या जिन्याने यायला लावतात, त्यालाही हे शब्द लागू होतील, हे रमाकांतांनी कानात सांगितल्यावर 'सर्व प्रकारची' खोडण्यात आलं.

ठराव मताला टाकणार, एवढ्यात मृणालिनी अनूला कडेवर घेऊन कठड्याशी आली. पोरगी रेशमात होती.

"नाना, मला एक दुरुस्ती सुचवायची आहे. विटाळ काढून टाका. चार दिवस ठेवा."

चौकात कुणालाच काही कळलं नाही. नानांनी मान वर केली. "सूनबाई, विटाळच नाही म्हटल्यावर बसायचं कशासाठी?"

"चित्र काढायला."

कुणीतरी हसलं. लतिकाने खाली पाहिलं. जगदीशराव जवळच्या खुर्चीचे वेत मोजू लागले.

नाना हसले नाहीत. ते नियमाचे माणूस होते. त्यांनी शांतपणे निर्णय दिला. विटाळ हे कारण आहे, म्हणून त्याला रजा आहे. आजारपण हे कारण आहे, त्यालाही आहे. चित्र काढणं ही हौस आहे. हौसेला कारण नसतं, आणि ज्याला कारण नाही त्याला रजा कुठल्या सदरात टाकायची? "शिवाय तुम्हाला वेळ नाही असं कोण म्हणतं?" ते वात्सल्याने म्हणाले. "तुम्ही तर दिवसभर घरीच असता."

दुरुस्ती नियमबाह्य ठरली. मूळ ठराव टाळ्यांच्या कडकडाटात एकमताने मंजूर झाला. वरच्या चटया त्याच घटकेला गुंडाळण्यात आल्या, शैलाची पेटी माळ्यावर गेली, आणि स्त्रियांचं अभिनंदन करून सभेने चहाची मागणी केली.

वाचकहो, ती रूढी वाईटच होती. तुम्ही त्या सभेत असतात तर तुमचाही हात वर गेला असता, आणि तो जायलाच हवा होता. तेव्हा हे वाचून झाल्यावर खुशाल हात वर करा. फक्त त्याआधी हातातली कपबशी खाली ठेवा. विसळायची चिंता नको. आत एक बाई नुकतीच मोकळी झालेली आहे.