भोकाभोकाच्या पानांचा हार

आमचा शेजारी दसरू सकाळी रस्त्यात भेटला, तर आधी झुडपावरच्या किड्याला राम राम करतो, मग माणसाला. कधी कधी माणसाला विसरतोही. नागभीडकडे धानाच्या बांध्यांत आमचं गाव. इथे माणसाला किड्याच्या मागे रांगेत उभं करणारा हा एकटाच.

बायको नाही, पोरं नाहीत. दिवसभर रुईसमोर नाही तर तरोट्याच्या झुडपासमोर उकिडवा. पानाला कोणी हात लावला की याचं एकच बोलणं, "थांब गा, त्याचं जेवण होऊ दे."

एका लग्नात मांडवावर जांभळाचे डहाळे टाकले, त्यांत लाल मुंग्यांचं घरटं आलं. पडलं नेमकं नवरदेवाच्या बापावर. तो धोतर झाडत नाचायला लागला. वाजंत्र्यांना वाटलं खुशीत आला, त्यांनी जोर लावला. आणि दसरू त्याचे पाय धरून ओरडतो, "हालू नोको गा मामा, चेंगरून राह्यल्या त्या!"

माझ्या आणि त्याच्या घरांच्या मध्ये कुंपण, कुंपणाला रुई. माझी बायको पारबती दर शनिवारी मारुतीच्या हारासाठी तिची पानं तोडायची. म्हणजे दर शनिवारी भांडण.

"बाई, ते पान नोको तोडू. अळी बसली हाये."

"काऊन? मारोतीले उपाशी ठेवू, तुह्या अळीले जेवू घालू?"

"पाह्य तं खरी! आधी पान कापते, चीक गळू देते, मंग खाते. तू तांदूळ निवडत नाई का?"

शेवटी अळीने खाऊन सोडलेली पानं पारबती घ्यायला लागली. देवळात बाया हसायच्या. ही म्हणायची, "राहू द्या वो, मारोतीले हवा लागते."

पावसाळा सरताना पारबती गेली. तेरवीला अख्खं गाव जेवून गेलं, दसरू आला नाही. आमच्या मांडवाकडे पाठ करून रुईसमोर बसला होता. माझं डोकं सणकलं. पंगत उठल्यावर कुंपणाशी जाऊन म्हटलं, "हे झुडूप मी मुळातून काढतो."

"नोको भाऊ. समदं एकमेकात शिवलं हाये, पोत्याच्या तोंडावानी. एक टाका ओढला का समदं उसवते."

"माही बायको गेली, मंग काय उसवलं रे? चक्की चालू हाये. बस येऊन राह्यली. लोकं जिलेबी मागून खाऊन गेले. काय उसवलं, सांग!"

तो पाठ फिरवून पुन्हा अळीकडे बघायला लागला. त्या पाठ फिरवण्याचा राग मी महिनाभर पाळला.

मग एका शनिवारी कुऱ्हाड घेऊन गेलो. दसरू जागेवर नव्हता. रुईची पानं तोडलेली, देठांतून चीक गळत होता. ज्या पानांसाठी पारबती भांडली, ती फुकट कोणी नेली? तसाच कुऱ्हाडीसकट मारुतीकडे निघालो. ती गेल्यापासून त्या देवाशी माझं बोलणं बंद आहे, तरी गेलो.

पायरीवर दसरू बसला होता. मांडीवर पानं, सगळी भोकाभोकांची. सुतळीत ओवत होता.

"हे काय चाललं?"

"शनवारी सकाळी खाल्लेली पानं निवडून बसतो, भाऊ. भांडाले कोणीच येत नाई. पानं सुकून जाते. मंग मीच आणतो इथी." मान वर न करताच तो बोलला. "तेरवीले घास उतरला नसता. तुमी इचारलं होतं ना, काय उसवलं?"

त्याने पुढचं पान सुतळीत ओवलं.

मी हाराकडे बघितलं. सगळे देठ बाहेर आलेले, बोरीच्या काट्यांसारखे. पुन्हा राग आला.

"देठ बाहेर ठेवते काय रे, मूर्खा? पारबती ते आतून वळवे."

कुऱ्हाड भिंतीला टेकवली. पायरीवर बसलो.

"सरक तिकडं. आण ती सुतळी."